विश्रांती हा आळस नव्हे
(कुटुंबात एकत्र बसून वाचावयाचा धम्मपाठ)



आपल्या किती तरी घरांतील मुलगा किंवा मुलगी आज परदेशी कामाला आहे. कोणी दुबईत वेल्डर आहे, कोणी कुवेतच्या रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी लंडनमध्ये संगणकावर काम करतो आहे. त्यांच्या पैशाने घरावर स्लॅब पडला, धाकट्याची फी भरली गेली, विहाराच्या बांधकामाला वर्गणी गेली. याचा आपणांस अभिमान आहे, आणि तो असावाच. पण फोनवर तुम्ही त्यांना काय विचारता? "ओव्हरटाइम मिळतो ना? पैसे कधी पाठवतोस?" हे विचारता. "सुटी घेतलीस का? झोप लागते का?" हे किती वेळा विचारले?

समजा, असाच एक मुलगा शारजात आहे. जाताना घरच्यांनी कर्ज काढले होते. ते फिटावे म्हणून तो सुटीच्या दिवशीही काम मागून घेऊ लागला. पहिले वर्ष निभावले. दुसऱ्या वर्षी रात्र रात्र झोप येईना. सकाळी अंग दगडासारखे जड वाटू लागले. ज्या कामाची हौस होती, त्याचाच वीट आला. सोबत्यांशी तो तुटक बोलू लागला. घरचा फोन आला तरी उचलावासा वाटेना. आणि मनात एकच विचार : मी नालायक ठरलो.

हा नालायकपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या अकराव्या रोग-वर्गीकरणात या अवस्थेची 'बर्नआऊट' या नावाने नोंद घेतली आहे. संघटना तिला रोग म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ टिकला आणि तो नीट हाताळला गेला नाही, म्हणजे ही अवस्था येते. तिची लक्षणे तीन : शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, कामापासून मन दुरावून कडवटपणा येणे, आणि काम पूर्वीसारखे न साधणे. दिव्यातले तेल संपले की वात जळू लागते, तसेच हे आहे.

परदेशात हे तेल लवकर संपते. राहण्याचा परवाना बहुधा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली तर देश सोडावा लागेल, ही धास्ती सतत असते. गावात थकलेला माणूस ओट्यावर बसला, तर शेजारी चार शब्द बोलतो. तिथे खोलीवर परतले तरी कामाचीच माणसे आणि कामाच्याच गोष्टी. त्यात आपली अपेक्षा फोनवरून रोज पोहोचते.

आपल्या मनातील गाठ

आपल्या घरांत विश्रांतीची लाज वाटते, याला कारण आहे. आपल्या वाडवडिलांना महारकीच्या वतनात कामाची वेळ ठाऊक नव्हती. हाक आली की रात्री-अपरात्री निघावे लागे. एवढे राबूनही आळशी म्हणून हिणवले जाई. म्हणून आपण मुलांना सांगतो, "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, तुला दमायला काय झाले?" जयंतीला अठरा तास अभ्यासाचे उपक्रमही आपण करतो, आणि ते चांगलेच आहेत.

पण बाबासाहेबांचे चरित्र पूर्ण वाचा. त्यांनी स्वतः प्रचंड कष्ट घेतले. मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले आणि वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. याच बाबासाहेबांनी कामगारांसाठी काय केले? १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. त्या काळात १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला भरपगारी सुटीचा हक्क मिळाला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याआधी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली होती. म्हणजे विश्रांती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. आपल्याच चळवळीने झगडून मिळविलेला तो हक्क आहे. ज्याला "आता पुरे" म्हणता येत नाही, त्याचा पगार परदेशी असला तरी त्याच्या मनातली वेठ अजून सुटलेली नाही.

थेर सोणाची गोष्ट

तथागतांच्या काळी सोण नावाचा एक धनिकपुत्र भिक्षू झाला. राजगृहाजवळ सीतवनात तो साधना करी. येरझारा घालता घालता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तरी मन मुक्त होईना. तो निराश झाला. घरी जावे आणि संसार करावा, असे त्याच्या मनात आले.

तथागत त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. त्यांनी विचारले की, तारा फार ताणल्या तर वीणा वाजेल काय? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग तथागतांनी समजावले की, अति ताणलेल्या प्रयत्नातून मनाची अस्वस्थता जन्मते आणि अति सैल प्रयत्नातून आळस. प्रयत्न समतोल ठेव. सोणाने ते ऐकले आणि तो अर्हत झाला. पुढे पराक्रमी प्रयत्न करणाऱ्या भिक्षूंमध्ये तथागतांनी त्यालाच अग्रस्थान दिले. तार सैल करायला शिकलेला माणूसच प्रयत्नात पहिला ठरला, हे ध्यानात ठेवा.

विनयात आणखी एक गोष्ट येते. पायांची दशा पाहून तथागतांनी सोणाला पादत्राणांची परवानगी दिली. सोण म्हणाला की, संघाला मिळत असेल तरच मी घेईन. तेव्हा ती सवलत सर्व भिक्षूंना मिळाली. एकाच्या जखमेतून सर्वांसाठी नियम झाला. कामगार कायद्यांचा जन्मही असाच होतो.

आता काय करावे?

परदेशी असणाऱ्याने आधी आपला हक्क जाणून घ्यावा. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे खासगी कंपन्यांत सर्वसाधारणपणे दिवसाला ८ किंवा आठवड्याला ४८ तास काम आणि आठवड्यात किमान एक भरपगारी सुटी आहे. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उन्हात काम करण्यास बंदी असते. हक्क नाकारला गेला तर कामगार खात्याकडे किंवा भारतीय वाणिज्य दूतावासाकडे जावे. थकवा हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तक्षय, थायरॉइड किंवा मधुमेहही असू शकतो. जगणेच नकोसे वाटू लागले, तर ते त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे आणि एकटे राहू नये.

सुटी म्हणजे दिवसभर मोबाइल पाहणे नव्हे. आधी झोप घ्यावी. सायंकाळी चार पावले चालावे. थोडा वेळ शांत बसून आनापान करावे, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहावा.

घरच्यांनी महिन्याचा खर्च त्याच्या मूळ पगारात बसवावा. ओव्हरटाइमच्या भरवशावर लग्नाचा बेत किंवा घराचा मजला ठरवू नये. त्याला "थकलो" म्हणता आले पाहिजे, आणि ते ऐकल्यावर आपण रागावता कामा नये.

दीक्षेनंतर आपण जुनी व्रते सोडली, हे योग्यच झाले. पण त्या जागी उपोसथ आला का? उपोसथ म्हणजे नित्याचा व्याप बाजूला ठेवून शीलपालनात घालविण्याचा दिवस. निदान पौर्णिमेला घरच्यांनी आणि परदेशातल्याने एकाच वेळी फोनवर वंदना घ्यावी. त्या दिवशी पैशाचा विषय काढू नये.

घरात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी कोण सर्वांत जास्त राबते? त्याला किंवा तिला सुटी कोणत्या दिवशी असते? (आईलाही विचारा.)
२. सोणाने एकट्यासाठी सवलत का घेतली नाही?
३. पुढच्या फोनवर आपण पहिला प्रश्न कोणता विचारणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आजच ठरवा आणि आजच फोन लावा.

भवतु सब्ब मंगलं.