समुद्राखालची केबल नेमकी कुठे तुटली?

प्रश्न : जमिनीवरच्या फायबरमधला दोष ओटीडीआर यंत्र शोधते. मग वर्सोव्याला किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्री केबलसाठी तेच का चालत नाही?

उत्तर : साधे ओटीडीआर फायबरमध्ये प्रकाशाचे स्पंद सोडते आणि काचेतून मागे विखुरलेला प्रकाश मोजते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे खूण १ मिलिसेकंदाने परतली, तर दोष १०० किलोमीटरवर. समुद्रात मात्र वाटेवर ठरावीक अंतराने रिपीटर, म्हणजे प्रकाश वाढवणारे वर्धक, असतात. त्यांतले आयसोलेटर उलटा प्रकाश अडवतात, म्हणून तो रिपीटरमधल्या खास वाटेने जोडीच्या फायबरमध्ये वळवून किनाऱ्यावर आणतात. येईपर्यंत तो अगदी क्षीण झालेला असतो, शिवाय वर्धकांच्या गोंगाटात बुडालेला. इथे कलासंबद्ध लेसर, म्हणजे ज्याच्या लहरी एकमेकींशी ताल राखतात असा, कामी येतो. परतलेल्या प्रकाशात त्याच लेसरचा किंचित वेगळ्या वारंवारतेचा प्रकाश मिसळला की दोन्ही वारंवारतांच्या फरकाइतके विस्पंद उमटतात; तेवढीच वारंवारता गाळून घेतली की गोंगाट मागे पडतो. खरी करामत हीच. पण याच कलासंबद्धतेमुळे परतलेल्या प्रकाशाचा आलेख खडबडीत येतो, म्हणून असंख्य मोजण्यांची सरासरी काढावी लागते. त्याला वेळ लागतो.

तुमच्या सोसायटीतल्या फायबरसाठी एवढा खटाटोप नको. तिथे साधे ओटीडीआर पुरते.