इमारतीच्या टाकीसाठी पंप किती शक्तीचा घ्यावा?

विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप बसवून ओलीत करणारे आपणांत पुष्कळ आहेत. घराच्या किंवा वसतिगृहाच्या गच्चीवरील टाकी भरावयाची झाली म्हणजे तोच हिशेब डोळ्यांपुढे ठेवून लोक दोन-तीन अश्वशक्तीचा पंप घेऊन येतात, व दुकानदारही त्यांस अडवीत नाही. मळ्यात पाणी जितके अधिक तितके बरे. इमारतीत टाकीत मावेल तेवढेच पाहिजे असते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, विहिरीचे पाणी पिण्याच्या कामी येत नाही. तेथे भिस्त धरणाच्या नळावर असते. अकोला शहरास काटेपूर्णेचे, अमरावतीस ऊर्ध्व वर्धेचे आणि अकोट-तेल्हारा भागातील खेड्यांस वाण धरणाचे पाणी मिळते. नळ रोज येईलच असे नाही. म्हणून प्रथम जमिनीतील टाके, मग पंप, असा क्रम धरावा.

समजा, तालुक्याच्या गावी ६० विद्यार्थ्यांचे वसतिगृह बांधावयाचे आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दरडोई दररोज १३५ लिटर धरल्यास ८,१०० लिटर होतात. नळ तिसऱ्या दिवशी येत असेल तर टाके २४,३०० लिटरांहून लहान असू नये. गच्चीवरील टाकी अर्ध्या दिवसाची, म्हणजे सुमारे ४,००० लिटरांची पुरे. ती एका तासात भरावी असे ठरविले तर पंपाने दर सेकंदास १.१ लिटर पाणी दिले पाहिजे.

आता उंची. ती जमिनीपासून मोजू नये. टाके आटत आले असता पाण्याची पातळी जेथे असेल तेथपासून वरच्या टाकीत पाणी पडण्याच्या तोंडापर्यंत मोजावी. टाक्याची खोली २ मीटर, दोन मजले ७ मीटर आणि टाकीचा ओटा व टाकी मिळून ३ मीटर, एकूण १२ मीटर. यात नळाच्या घर्षणाची भर पडते. ३० मीटर लांबीचा सव्वा इंची नळ असल्यास सुमारे दीड मीटर, आणि वाकणे व झडपा धरून अडीच ते तीन मीटर होते. तोच नळ एक इंची घेतला तर केवळ सरळ लांबीचेच घर्षण सहा मीटरांवर जाते! नळात चार पैसे वाचवून पंपात व विजेच्या बिलात ते अनेक पटींनी देणे हा व्यवहार मला कधीच उमगला नाही.

तेव्हा १५ मीटर धरावे. ७५ लिटर पाणी एका सेकंदात एक मीटर चढविणे म्हणजे एक अश्वशक्ती. १.१ यास १५ ने गुणून ७५ ने भागल्यास ०.२२ येते. लहान पंपात दिलेल्या शक्तीपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपासच पाण्यास लागते, म्हणून ०.५५. बाजारात याच्या वरचा पाऊण अश्वशक्तीचा पंप मिळतो, तोच घ्यावा. सारा-आकारणीच्या गणितापेक्षा हे सोपे आहे, याचा बाऊ करू नये.

विकत घेताना पाटीवरील कमाल उंचीस भुलू नये. त्या उंचीवर पंप एक थेंबही देत नाही. १५ मीटरांवर किती लिटर मिळतात, हे कोष्टकात पाहावे. दोन अश्वशक्तीचा घेतल्यास त्याच नळातून दुप्पट पाणी ढकलावयाचे झाले की घर्षण सुमारे साडेतीन पट होते, आणि टाके लवकर आटून पंप कोरडा फिरतो व त्याचे सील जळते.

पंप थेट सार्वजनिक नळास जोडण्याची खोड मात्र सर्वांत वाईट. त्याने शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जातेच. शिवाय नळात ओढ निर्माण होऊन फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते, आणि ते मुले पितात. पाणी आपोआप टाक्यात पडू द्यावे व तेथूनच उचलावे.

पंप टाक्यालगत बसवावा. ओढीची उंची सहा मीटरांच्या आत राहावी. वापरण्यापुरते खारे पाणी कूपनलिकेतून घेणार असाल तर त्याचा पंप, नळ व टाकी निराळी ठेवावी, आणि पंपातील चक्र बिडाचे न घेता काशाचे घ्यावे.