न्हाणीमागचा कोबी

उमरगा, १८ डिसेंबर

चि. राहुल,

काल बाजारात धाकटी काकू भेटली. म्हणाली, राहुलनं न्हाणीमागं कोबी लावलाय, गड्डे नारळाएवढे झालेत. बरं वाटलं. मग म्हणाली, तुरीचं औषध उरलं होतं, तेच कोबीवर मारलं. रात्रभर डोळा लागला नाही. फोनवर बोलवलं नसतं, म्हणून माकणीला येणाऱ्या माणसाच्या हाती हे पत्र देते.

औषध कोणतं ते आधी कळव. मोनोक्रोटोफॉस असेल तर भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी आहे. ते आंतरप्रवाही, पानाच्या आत उतरतं, कितीही धुतलं तरी निघत नाही. आणि बाटली कुठं ठेवलीस? चिमी हाताला लागेल ते तोंडात घालते म्हणे. दादानं त्याच कोपऱ्यात वांगी-मिरची पिकवली, चुलीतल्या राखेशिवाय काही टाकलं नाही. तू त्याचाच लेक ना? एवढं कळू नये?

रागावले खरी, पण हेच मी केलंय. भूकंपाच्या आदल्या वर्षी परसातल्या कोबीची अळीनं चाळण केली होती. तुरीचंच उरलेलं शिंपडलं. तुझा संजूदादा तेव्हा चार वर्षांचा. त्यानं कच्चं पान खाल्लं. उलट्या, तोंडाला फेस. दवाखाना गाठेपर्यंत लेकरू मांडीवर गार पडत चाललं होतं. वाचला. पण पान कुठलं होतं, हे मी दादाला कधी सांगितलं नाही. काहीतरी बाधलं, एवढंच म्हणाले. आता दादा नाही, तुलाच सांगते.

ती अळी हिरवी, बारीक. हात लागला की वळवळत धाग्याला लटकते. गड्डा वळू लागला की आत शिरते, मग वरचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. रोज सकाळी पानं उलटून बघ, वेचून काढ. अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजव, फडक्यानं गाळ, दहा लिटर पाणी कर आणि संध्याकाळी मार. पुढच्या साली रोपं लावायच्या पंधरा दिवस आधी वाफ्याच्या कडेनं मोहरी पेर, त्या अळीचा पतंग मोहरीवर आधी अंडी घालतो.

आताचे गड्डे मात्र कुणाच्या ताटात जाऊ देऊ नको. गुरांनाही नको. खड्डा करून पूर. जीवावर येईल, कळतं रे मला. दादा गेल्यावर तो कोपरा ओसाड पडला, तेव्हापासून माहेरी यायला पाय उचलत नव्हता. तू तिथं कुदळ घातलीस, हे ऐकून पदरानं डोळे पुसले.

रविवारी येते. उन्हाळ्यात वेचलेल्या निंबोळ्या आहेत, त्या आणते. दोघं मिळून कुटू. वहिनीला सांग, तिच्या हातची कडक भाकरी खायचीय.

पण चिमीच्या हाताला लागण्याआधी ती बाटली आजच कुलपात घाल, आणि घातलीस की मला फोन कर.

तुझी आत्या