पाळीचे चार दिवस आणि विटाळाचा प्रश्न

हा विषय स्मरणिकेत कशाला, अशी कुजबूज होईल याची आम्हांस कल्पना आहे. तरीही तो घेतला, कारण अभ्यासवर्गात येणाऱ्या मुलींशी बोलताना एक गोष्ट वारंवार पुढे आली. पहिली पाळी आली त्या दिवशी बहुतेकींना वाटले की आपल्याला मोठा आजार झाला. कुणी आधी सांगितलेच नव्हते. आई बाजूला बसलेली दिसली की "कावळा शिवला" एवढेच उत्तर मिळायचे. एकीने डाग झाकण्यासाठी दप्तर मागे धरून शाळेतून घर गाठले. दुसरीच्या आईने हातात फडके दिले आणि म्हणाली, "आता पोरांत खेळायला जायचं न्हाई बग." बाकीची माहिती तिला मैत्रिणीकडून मिळाली, तीही निम्मी चुकीची.

पूर्वी आपल्याकडे मुलीला न्हाण आले की आयाबाया जमत, ओटी भरत, गोडधोड करत. त्यात कौतुक होते हे खरे. पण मुलगी लग्नाला आली, अशी ती जाहीर वर्दीही होती. आणि कौतुक संपले की दर महिन्याला त्याच मुलीने बाजूला बसायचे, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, पाणी दुसऱ्याने वाढायचे.

विटाळ हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. याच कोल्हापुरात हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून गंगाराम कांबळे यांना मार खावा लागला. पुढे त्यांनी हॉटेल काढले तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन त्यांच्या हातचा चहा प्याले. मार्च १९२० मध्ये माणगावला परिषद भरली, तेव्हा महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले. आमच्या हातचे पाणी का चालत नाही, हा प्रश्न ज्यांच्या आज्या-पणज्यांनी विचारला, त्यांच्याच काही घरांत आज सुनेच्या हातचे पाणी चार दिवस चालत नाही. याला काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे. वर्गातील एका मुलीने आम्हांस विचारले, "पाळीत वंदनेला बसलं तर चालतं का?" पंचशीलात याविषयी एक अक्षरही नाही. तिला मनाई करणारी तिची आजी होती, आणि आजीला तिच्या सासूने शिकवले होते.

ही दोन विटाळांची जोडणी आम्हीच करतो आहोत असे नाही. संत चोखामेळा यांच्या पत्नी सोयराबाई यांनी चौदाव्या शतकात अभंगातून विचारले की, विटाळ देहातच उपजतो, मग त्यातून सुटलेला देह कुणाचा? अलीकडे, २८ सप्टेंबर २०१८ रोजी, शबरीमला प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी पाळीवरून स्त्रियांना दूर ठेवणे हे अस्पृश्यतेचेच रूप असल्याचे सांगून घटनेच्या सतराव्या कलमाशी त्याचा संबंध जोडला. एका न्यायमूर्तींचे मत वेगळे होते, आणि फेरविचारातील प्रश्न २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे गेले. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो निकाल मुळातून वाचावा.

आता शरीराविषयी. दर महिन्याला गर्भाशयाच्या आतील अस्तर जाड होते. गर्भ राहिला नाही की ते गळून पडते, रक्ताबरोबर बाहेर येते. हे नासके रक्त नव्हे. साधारण तीस-चाळीस मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, एवढेच ते असते. पाळी बहुधा अकरा ते चौदा वर्षांच्या दरम्यान सुरू होते. पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होते, त्यात घाबरण्यासारखे नाही.

कापड वापरणे चुकीचे नाही. ते ओले राहणे चुकीचे. कित्येक घरांत फडकी परकराखाली, न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत पडतात, कुणाला दिसू नयेत म्हणून. थंड पाण्यात साबणाने धुऊन ती कडक उन्हात वाळली पाहिजेत. पॅड असेल तर चार ते सहा तासांनी बदलावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पंधरा ते चोवीस वयाच्या स्त्रियांत स्वच्छ साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७७ टक्क्यांहून अधिक झाले. २०१८ च्या महिला दिनी राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, तीत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याची सोय केली गेली. त्याच वर्षी जुलैत पॅडवरील वस्तू व सेवा कर उठला. पण शाळेच्या संडासाला कडी नसेल आणि नळाला पाणी नसेल, तर स्वस्त पॅड दप्तरातच राहते आणि मुलगी घरी. पालक सभेत बापांनी विचारावयाचा प्रश्न हा आहे.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी मुली फेकून देतात असे ऐकतो. ती जेवणानंतर घ्यावी. आपल्याकडे गूळ भरपूर, पण अंगातले रक्त कमी असेल तर नुसत्या गुळाने भागत नाही. सात दिवसांहून अधिक रक्तस्राव, तासा-दोन तासाला पॅड भिजणे, शाळा बुडेल इतके पोट दुखणे किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी न येणे, यांपैकी काही असेल तर आईने मुलीला सरकारी दवाखान्यात दाखवावे. आई नसेल तर वडिलांनी न्यावे.