इंजिनचे तेल, फिल्टर आणि जादूची बाटली

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील कापडाचा व्यापार चाकांवर चालतो. सुरतेचा माल नवापूरमार्गे येतो आणि तोच पुढे तळोदा, अक्कलकुवा, मोलगी, धडगावच्या आठवडे बाजारात जातो. गाडी एक दिवस उभी राहिली तर बाजार बुडतो, आणि बुडालेला बाजार आठ दिवसांनीच परत येतो. मजुरी आणि वेळ वाचावा म्हणून पुष्कळ व्यापारी व कारागीर बांधव तेल आणि फिल्टर घरीच बदलतात. जरूर बदलावे, काम अवघड नाही. पण काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये, हे आधी समजून घ्यावे. मी ते नुकसान सोसून शिकलो.

काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत मी माझ्या जुन्या पेट्रोल व्हॅनचा फिल्टर अंगणात बदलला. जुना फिल्टर निघाला, पण त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली. ते न पाहता मी नवा फिल्टर त्यावर चढवला, म्हणजे रिंगेवर रिंग. गावात काही कळले नाही. चांदसैलीच्या घाटात चढणीला लागलो तेव्हा रिंग सरकली आणि सारे तेल रस्त्यावर सांडले. तेलाचा लाल दिवा लागला होता. पण बाजार आता थोडाच राहिला म्हणून मी गाडी तशीच दामटली आणि इंजिन जाम झाले. साड्यांचे गठ्ठे दुसऱ्याच्या जीपमध्ये टाकून बाजार गाठला, तोवर दुपार उलटून गेली होती. त्या हंगामाचा नफा इंजिनच्या दुरुस्तीत गेला. लाल दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन त्याच जागी इंजिन बंद करावे, एवढे तरी वाचकांनी माझ्याकडून घ्यावे.

आता फिल्टर. बाहेरून सगळे डबे सारखेच दिसतात. मी एकदा एक चांगला आणि एक स्वस्तातला, असे दोन वापरलेले फिल्टर करवतीने कापले. आत घड्या घातलेला कागद असतो. तो उलगडून दुकानातल्या टेपने मोजला, तर स्वस्तातल्याचा कागद कितीतरी कमी भरला. आपल्या धंद्यात याला माप मारणे म्हणतात! कागद कमी म्हणजे कचरा धरायला जागा कमी. कागदाची वीणही महत्त्वाची आहे. सैल असेल तर धातूचा चुरा निसटतो, फार घट्ट असेल तर तेल अडते. शिवाय पुष्कळ फिल्टरांत दोन व्हॉल्व्ह असतात. एक रबरी पडदा असतो, तो गाडी बंद असताना फिल्टरमधले तेल खाली उतरू देत नाही. तो कडक झालेला असला तर सकाळी गाडी चालू करताच क्षणभर खडखड ऐकू येते. दुसरा बायपास व्हॉल्व्ह. कागद तुंबला तर तो उघडतो आणि न गाळलेले का होईना, तेल इंजिनला पोहोचवतो. त्याची स्प्रिंग हलकी असेल तर तेल विनाकारण न गाळताच फिरत राहते.

म्हणून गाडीच्या पुस्तिकेतील पार्ट नंबर पाहूनच फिल्टर घ्यावा आणि पक्के बिल मागावे. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नाही. बसवताना जुनी रिंग निघाल्याची बोटाने खात्री करावी, नव्या रिंगेला तेलाचा हात लावावा, रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा हातानेच आवळावा. पाना घालून आवळू नये. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे एक समज आहे की उन्हाळा कडक, म्हणून तेल जाड हवे. जुन्या इंजिनांना २०डब्ल्यू-४० चालत आले. पण नव्या गाडीच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिले असेल तर तेच घालावे, कारण त्या इंजिनातील फटी बारीक असतात. डब्यावरील एपीआयच्या खुणेत ‘एस’ म्हणजे पेट्रोल आणि ‘सी’ म्हणजे डिझेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राख सोडणारेच तेल लागते, जुन्या पिकअपचे उरलेले तेल त्यांत ओतू नये.

आता ती जादूची बाटली. तेल बदलायला जावे तर दुकानदार हळूच पुढे करतो, ‘ही टाका, इंजिन नवे होईल.’ खरी गोष्ट अशी की चांगल्या तेलात झीज रोखणारी, मळ धुणारी, फेस न होऊ देणारी रसायने कारखान्यातच प्रमाणात मिसळलेली असतात. वरून आणखी ओतले की ते प्रमाण बिघडते. अमेरिकेत स्लिक ५० नावाची बाटली फार गाजली होती. तिच्याविना गाडी चालू होताना इंजिनला पुरेसे संरक्षण मिळत नाही, अशी तिची जाहिरात होती. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने हे दावे खोटे व निराधार असल्याचा आरोप ठेवला आणि १९९७ मध्ये कंपनीला तडजोड करून ते सोडून द्यावे लागले. मोटारसायकलवाल्यांनी तर विशेष जपावे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि घसरण वाढवणारे औषध घातले की क्लचच घसरू लागतो.

इंजिन आतून धुण्याच्या बाटलीचेही तेच. फार जुन्या इंजिनात साचलेला चिखल एकदम सुटतो आणि तेल ओढणारी जाळी तुंबवतो.

जाड करणाऱ्या बाटलीचा एक वेगळाच उपयोग बाजारात चालतो, तो माहीत असावा. झिजलेले इंजिन निळा धूर सोडते. गाडी विकण्याआधी ही बाटली ओतली की काही दिवस धूर दबतो, आवाजही बसतो. फाटके थान घडीच्या आत लपवून विकण्यासारखाच हा प्रकार आहे. जुनी गाडी घेताना थंड इंजिन स्वतः चालू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. तेलाची पट्टी काढून दोन बोटांत तेल चोळावे. ते काकवीसारखे दाट लागले तर भाव करण्यापूर्वी मिस्त्रीला दाखवावे.

काढलेले तेल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून, जुने तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. तेलाचा रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला खिळ्याने भोके पाडावीत आणि फिल्टरचे खोके फाडून टाकावे. नाहीतर त्यातच नकली माल भरून तो पुन्हा दुकानात येतो.