शानिदार गुहेतील दफने

इराकच्या ईशान्येस, झाग्रोस पर्वतराजीत, ग्रेट झाब नदीच्या खोऱ्याजवळ शानिदार नावाची विस्तीर्ण गुहा आहे. कुर्द पशुपालक कुटुंबे हिवाळ्यात शेळ्यामेंढ्यांसह तिच्या आश्रयास येत असत. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ राल्फ सोलेकी यांनी १९५१ ते १९६० या काळात चार हंगामांत येथे उत्खनन केले. तेथील दहा निअँडरथल व्यक्तींच्या अवशेषांमुळे ही गुहा सर्वतोमुखी झाली. निअँडरथल म्हणजे सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेला, आधुनिक मानवाचा निकटचा नातलग.

यांपैकी १९५७ मध्ये मिळालेल्या पहिल्या क्रमांकाच्या पुरुषाचा सांगाडा विशेष उद्बोधक ठरला. त्याच्या डाव्या डोळ्याभोवतीचे हाड आघाताने चेपलेले, उजवा हात खुरटलेला व कोपरापुढे नष्ट झालेला, पायही अधू. कानांतील अस्थिवृद्धीमुळे त्याला ऐकूही येत नसावे, असे २०१७ मध्ये दाखवून देण्यात आले. तरीही या जखमा भरून आल्यानंतर तो कित्येक वर्षे जगला. शिकारीवर निर्वाह करणाऱ्या टोळीत इतरांच्या साहाय्यावाचून हे शक्य झाले नसते, असा निष्कर्ष बहुतेक अभ्यासक काढतात, आणि तो योग्यच वाटतो.

मात्र लोकांच्या मनावर ठसली ती चौथ्या क्रमांकाची, १९६० मध्ये सापडलेली व्यक्ती. अंग मुडपून कुशीवर निजलेल्या या सांगाड्याभोवतीच्या मातीचे नमुने फ्रेंच परागतज्ज्ञ आर्लेत लेर्वा-गुरां यांनी तपासले. त्यांत काही फुलांचे परागकण पुंजक्यांच्या रूपात आढळले. मृतास फुलांवर निजविले असावे, असे त्यावरून मानले गेले आणि सोलेकी यांनी १९७१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच फुलांना स्थान दिले.

कल्पना हृद्य होती. पुरावा तितका भक्कम नव्हता. फुले बिळात साठविणारे उंदीरवर्गीय प्राणी या गुहेत राहतात, याकडे १९९९ मध्ये लक्ष वेधण्यात आले. पुढे २०२३ मध्ये, एकाच ऋतूत न फुलणाऱ्या वनस्पतींचे पराग त्या पुंजक्यांत एकत्र आहेत, तेव्हा जमिनीत घरटी करणाऱ्या एकट्या मधमाश्यांनी ते आणले असावेत, असे प्रतिपादन झाले. शिवाय हा सांगाडा मातीच्या ठोकळ्यासह उचलून टॅक्सीच्या टपावरून बगदादला नेण्यात आला होता. त्या ठोकळ्यात आणखी काही व्यक्तींचे अवशेष होते, हे मागाहून उमगले. मूळ जागी कोण कोणाच्या वर वा खाली होते, हे सांगणे त्यामुळे कठीण झाले.

फुले बाजूस सारली, तर मग दफनाचा पुरावा कोणता? महाराष्ट्रातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, घराच्या जमिनीखाली दोन कुंभ तोंडाशी तोंड लावून त्यांत बालकांना पुरल्याची अनेक उदाहरणे मिळाली. तेथे प्रथा सिद्ध होते ती या पुनरावृत्तीमुळे. शानिदार याहून कितीतरी प्राचीन, आणि तेथे भांडी नाहीत. तरी कसोटी तीच लावावी लागते.

केंब्रिज विद्यापीठाचे ग्रॅएम बार्कर यांच्या नेतृत्वाखालील पथकाने २०१४ मध्ये पुन्हा काम आरंभिले. युद्धस्थितीमुळे ते थांबले व २०१५ मध्ये सुरू झाले. जुन्या खड्ड्याच्या कडेस, चौथ्या क्रमांकाच्या जागेलगतच, २०१८-१९ मध्ये आणखी एका व्यक्तीचा कमरेवरचा भाग मिळाला. 'शानिदार झेड' असे नाव दिलेल्या या अवशेषांचे वय सुमारे ७५ हजार वर्षे आहे. डावा हात डोक्याखाली दुमडलेला होता. कवटी मातीच्या भाराने जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची झाली होती. तिचे दोनशेहून अधिक तुकडे जुळवून २०२४ मध्ये चाळिशीतील स्त्रीचा चेहरा साकारण्यात आला.

येथे मातीच्या थरांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. एका मोठ्या शिळेजवळ, पाण्याच्या ओघळीने तयार झालेल्या व काही अंशी हेतुतः खोल केलेल्या घळीत हे शव ठेवले असावे, असे तीवरून दिसते. याच ठिकाणी अनेक व्यक्ती निरनिराळ्या वेळी ठेवल्या गेल्या असाव्यात. मृतांना घेऊन त्याच शिळेकडे परत येण्याची ही कृती परागकणांहून अधिक विश्वसनीय साक्ष देते. या स्त्रीच्या शरीराचा उरलेला भाग कदाचित १९६० मध्ये बगदादला गेलेल्या अवशेषांतच असेल, अशी शक्यता संशोधकांनी मांडली आहे.