पस्तिशीनंतर गर्भ पडला, तर पुढे काय?



उलव्याच्या वस्तीत आम्ही बायकांशी बोलायला बसलो की एक प्रश्न ठरलेला असतो : 'ताई, मी पाण्याचा हंडा उचलला म्हणून पडलं का?' नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्या तरी गर्भांत गुणसूत्रांचाच बिघाड असतो. वय वाढते तसे स्त्रीबीजातले असे बिघाड वाढतात. चाळिशीनंतर तीन गर्भांपैकी एक तरी पडतो. पपई, नजर, बाहेरची बाधा, कुणाचा पायगुण, यांचा काडीचा संबंध नाही. हे सासूबाईंनाही वाचून दाखवा.

मग पुन्हा प्रयत्न कधी? पूर्वी सरसकट सहा महिने थांबायला सांगत. गर्भ सुरुवातीलाच पडला असेल आणि गुंतागुंत नसेल, तर आता तेवढे थांबण्याचा आग्रह धरत नाहीत. रक्तस्राव थांबावा, एक पाळी येऊन जावी, मन तयार असावे. द्राक्षगर्भ निघाला असेल किंवा अंगात रक्त फार कमी असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तितके थांबायचेच.

पस्तिशी ओलांडली असेल आणि सहा महिन्यांत दिवस गेले नाहीत, तर डॉक्टरांकडे जा. चाळिशीनंतर तेवढेही थांबू नका. अंगारे-धुपाऱ्यात वर्ष गेले की ते परत येत नाही. दोनदा गर्भ पडला असेल, तर तिसऱ्यांदा पडायची वाट पाहू नका. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, रक्तदाब तपासा. विदर्भातून आलेल्या आपल्या कुटुंबांत सिकलसेल आढळतो, ती तपासणी दोघांचीही करा. नवऱ्याची वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, आणि होते सगळ्यात शेवटी! फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस जाण्याआधीपासून, आशाताईंना विचारा. मिश्री बंद.

रक्तगट निगेटिव्ह असेल, तर गर्भ पडल्यापासून 72 तासांत अँटी-डी इंजेक्शन लागते का, हे विचारायला विसरू नका.

आणि रजा. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेची बाजू मांडली, 1929 मध्ये कायदा झाला. आजच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा आहे. कारखान्यात किंवा दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी, ठेकेदाराकडे असलात तरी, ती मागा. घरकाम करणाऱ्या भगिनींना ती अजून मिळत नाही, हे आम्हाला खटकते. डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांचा दाखला जपून ठेवा. रजेला लागतो, पुढच्या तपासणीलाही.